खत म्हणजे काय?

कोशात 'खत' या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक शेणाचे, दुसरे कर्जरोख्याचे. पहिले शेतात पडले की पीक वाढते. दुसरे सावकाराच्या पेटीत पडले की व्याज वाढते, तेही पावसाची वाट न पाहता! १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी या दुसऱ्या खताची होळी केली. तेव्हा कुठे १८७९ साली सरकारला कायदा सुचला. 'हमीभाव' म्हणजे जाहीर होतो पण आडतीवर भेटत नाही तो. परवा वर्गात आम्ही 'अंगठा' शब्दाचा अर्थ विचारला. एक पोर म्हणाले, "आज्याची सही." आम्ही त्यास पुरे गुण दिले, पुढचा शब्द मात्र विचारवला नाही.