खोटे नाव, खरे सूर

व्हायोला ही व्हायोलिनची थोरली बहीण. अंगाने मोठी, आवाजाने खर्जातली. अठराव्या शतकात तिच्या वाट्याला कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने एकट्या वाद्याने वाजवायच्या रचना, थोड्याच आल्या. फ्रेंच वादक आंरी काझादेस्यू (१८७९-१९४७) यांनी ही उणीव अजब रीतीने भरून काढली. जुन्या धाटणीचे कॉन्चेर्तो त्यांनी स्वतःच रचले आणि एक हँडेलच्या, दुसरा योहान क्रिस्टियान बाखच्या नावावर खपवला!

बिंग फुटले, तरी व्हायोलाचे विद्यार्थी आजही ते शिकतात. यात गैर काय? माझ्या मते काहीच नाही. लबाडी सुरांत नव्हतीच, मुखपृष्ठावर होती. मात्र ‘सूर गोड आहेत ना, मग नाव कोणाचेही असो’ हेही मला पटत नाही. त्याने श्रोत्याला हँडेलची खोटी ओळख होते आणि खरा कर्ता झाकला जातो.

व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्राइस्लर यांनीही आपल्या रचना जुन्या संगीतकारांच्या नावावर छापल्या होत्या. १९३५ साली त्यांनी तशी कबुली दिली. त्या रचना आज त्यांच्याच नावाने वाजतात, रसिकांना आवडतात. मग काझादेस्यूंचे नाव ठळक छापायला संकोच कसला? आपण विद्यार्थ्यांनी तरी नावाला टाळी देण्याआधी सुरांना कान द्यावा.