घरचा ग्रॅनोला

अमेरिकेतील डॅन्सव्हिल येथील आरोग्यधामात डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी १८६३ साली कोंडायुक्त गव्हाच्या पिठाचा जो दोनदा भाजलेला पदार्थ सिद्ध केला, तो रात्रभर भिजविल्यावाचून चावत नसे. आज त्याच परंपरेत ‘ग्रॅनोला’ म्हणून जे विकले जाते, ते पुष्कळदा मिठाईच्या अधिक जवळचे असते. आरोग्याचे नाव मात्र त्यास चिकटून राहिले आहे. म्हणून तो घरी करणे इष्ट होय.

ओटाचे पोहे, बदाम व तीळ यांस थोडे तेल व मध चोळून सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत, मधून मधून हलवीत, तांबूस होईतो भाजावेत. मनुका निवल्यावर मिसळाव्यात. भट्टीत त्या खड्यासारख्या होतात.

साखरेऐवजी मध घातला म्हणजे दोष टळला, असे पुष्कळ सुज्ञही मानतात. वस्तुतः मधाचा सुमारे चार-पंचमांश भाग शर्कराच असतो! तेव्हा तोही मोजूनच घालावा. घरी करण्याचे मुख्य प्रयोजन हेच. बदाम-तिळांतील स्नेह हवेने खवट होतो, यास्तव घट्ट झाकणाच्या बरणीत, पंधरवडाभर पुरेल इतकाच करून ठेवावा.