आधी मोहल्ला, मग ग्रामसभा

ग्रामसभेला किती माणसे लागतात, हे गावात सहसा कोणी विचारत नाही. कायदा सांगतो, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यापैकी जो आकडा कमी असेल तेवढे. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसे बसली की सभा पुरी. आणि तेवढीही जमली नाहीत तर? सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग सरपंच, सचिव, चार सदस्य आणि दोन ठेकेदार एवढ्यांच्या बैठकीत साऱ्या गावाचा निर्णय होऊ शकतो, आणि तो कायदेशीर ठरतो.

लोकच येत नाहीत, त्याला आम्ही काय करणार, असे म्हणून पुढारी मोकळे होतात. लोक का येत नाहीत, याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. आपल्या नागपूर जिल्ह्यात अनेक ठिकाणी दोन-तीन गावे मिळून एक गट ग्रामपंचायत आहे. सभा भरते मोठ्या गावात. तीन किलोमीटरवरच्या टोलीतला माणूस दिवसाची मजुरी बुडवून तिथे पोचला, तरी त्याच्या हातपंपाचा विषय निघेपर्यंत अर्धी सभा उठलेली असते. सालदाराचा मालक समोरच्या खुर्चीवर बसलेला असतो. त्याच्यापुढे सालदार कोणत्या तोंडाने बोलणार? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असे कायदा सांगतो. ती किती गावांत खरोखर भरते, हे मायबहिणींनीच सांगावे. ज्या सभेत आपला विषय निघत नाही, आणि निघाला तर आपल्याला बोलता येत नाही, त्या सभेला माणूस एकदा जातो, दोनदा जातो, तिसऱ्यांदा तो वावरात जातो.

सदस्यांचे म्हणाल तर ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य असतात. एकेका प्रभागातून दोन-दोन, तीन-तीन निवडून येतात. मोहल्ल्याची नाली तुंबली तर जबाबदार कोण? तिघेही, म्हणजे कोणीच नाही. बारभाईची शेती म्हणतात ती हीच.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, ग्रामसभा जिवंत करायची असेल तर सुरुवात ग्रामसभेपासून करून चालणार नाही. तीस-चाळीस घरांचा मोहल्ला आधी बसला पाहिजे. जिथे प्रत्येक जण दुसऱ्याला नावाने ओळखतो, कोणाचे वावर कुठे आणि कोणाची विहीर कधी आटते हे जिथे सगळ्यांना ठाऊक असते, तिथे खोटे बोलणे अवघड आणि खरे बोलणे सोपे असते. मोहल्ल्याने आपले विषय ठरवावेत, वहीत लिहावेत, आणि ती वही घेऊन ग्रामसभेला जावे.

चळवळीतल्या काही जुन्या कार्यकर्त्यांना हे पटत नाही. शेतकऱ्याचे मरण भावात आहे, भाव ठरतो दिल्लीत, मग नालीच्या आणि हातपंपाच्या भानगडीत आपण का पडावे, असे ते विचारतात. भावाचा प्रश्न दिल्लीतला आहे हे खरेच. पण काटोल-नरखेडकडचा संत्रा वावरातून सडकेवर येतो तो पांधणीने, आणि ती पांधण मोकळी करायची की नाही हे गावात ठरते. पावसाळ्यात गाडी फसली की व्यापारी दर पाडतो. तो दर काही दिल्लीने पाडलेला नसतो. गारपिटीनंतर पंचनाम्याच्या यादीत कोणाचे नाव आले आणि कोणाचे गळले, पेंचच्या कालव्याचे पाणी शेवटच्या टोकाच्या वावरापर्यंत का पोचत नाही, डीपी जळाली तर अर्ज कोणी करायचा आणि पाठपुरावा कोणी, या सगळ्याची सुरुवात गावात होते. दुसरेही एक आहे. महिन्यातून एकदा आपल्याच गल्लीत एकत्र बसण्याची सवय ज्यांना नाही, त्यांनी तालुक्याच्या धरण्यावर चार दिवस टिकावे अशी अपेक्षा आपण कशी करणार?

सत्ता खाली आणण्याची भाषा आपल्या भागात नवी नाही. नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी असताना १९४८ साली जनपद सभा आल्या. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. २४ एप्रिल १९९३ पासून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. २०११ पासून राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या. प्रत्येक वेळी सत्ता एकेक पायरी खाली उतरली असे सांगितले गेले. पण शेवटची पायरी, ग्रामपंचायतीच्या दारापासून आपल्या अंगणापर्यंतची, अजून उतरायची आहे. ती सरकार बांधून देणार नाही. ती आपण बांधायची.

असे कुठे झाले आहे का, असे कोणी विचारील. झाले आहे, आणि आपल्या विदर्भातच झाले आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा हे शंभरेक घरांचे गोंड वस्तीचे गाव आहे. ते लेखा या गट ग्रामपंचायतीचा एक भाग होते. सरकारी हिशेबाने ग्रामसभा लेखा ग्रामपंचायतीची. मेंढ्याला वेगळी सभा नव्हती. पण १९८० नंतरच्या काळात मेंढ्याच्या लोकांनी आपली सभा आपणच भरवायला सुरुवात केली. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातले कार्यकर्ते आणि बाहेरून साथ देणारे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून ती रुजली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा, एकाचाही विरोध असेल तर पुन्हा बसायचे, अशी रीत त्यांनी ठरवली. कायदा आणि हिशेब समजून घेण्यासाठी वेगळा अभ्यासगट ठेवला. मात्र निर्णय सभेतच.

यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे क्रम. मेंढा बसू लागला तेव्हा त्याच्या बाजूने कोणताच कायदा नव्हता. वस्तीला गाव मानणारा पेसा कायदा डिसेंबर १९९६ मध्ये आला. वनहक्क कायदा २००६ चा. मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला २००९ मध्ये, आणि आपला बांबू आपण विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक हातात आले एप्रिल २०११ मध्ये. जवळजवळ वीस-पंचवीस वर्षे लोक आधी बसत होते, कायदा मागून आला. आणि तो आला तेव्हा त्याचा उपयोग करून घेण्याइतकी तयारी गावाची झालेली होती. ज्या गावांत बैठकच नव्हती, तिथे तोच कायदा कपाटात पडून राहिला.

आता आपल्या जिल्ह्याची अडचण. पेसा कायदा लागू होतो घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्राला. त्या कायद्यात वस्ती, पाडा, टोला यांनाही गाव मानता येते आणि अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा मिळते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियमही केले. गडचिरोलीचे क्षेत्र त्या अनुसूचीत आहे. नागपूर जिल्हा नाही. म्हणजे धानोऱ्याच्या टोल्याला जो हक्क आहे, तो आपल्या उमरेड किंवा पारशिवनीकडच्या टोलीला नाही. हा भेद का असावा? आदिवासी वस्तीला आपल्या परंपरेप्रमाणे कारभार करता यावा हा त्या कायद्याचा खास हेतू आहे आणि तो तसाच जपला पाहिजे. पण लहान वस्तीला आपल्या कारभारावर बोलता यावे, ही गरज काही एका अनुसूचीपुरती नाही. साऱ्या महाराष्ट्रात वस्तीवार सभेला अधिकार मिळावेत, ही मागणी आपण केलीच पाहिजे.

केरळने हे आपापल्या परीने केले आहे. तिथल्या १९९४ च्या पंचायत कायद्याने ग्रामसभा ही प्रभागाची ठेवली. साऱ्या पंचायतीची एकच मोठी सभा ठेवली नाही. १९९६ पासून लोकनियोजनाची मोहीम चालली आणि १९९८ पासून कुटुंबश्री उभी राहिली. तिच्यात दहा-वीस शेजारणींचा एक गट असतो. असे गट मिळून प्रभागाची संघटना, आणि प्रभाग मिळून पंचायतीची. खालच्या गटातला विषय वरपर्यंत जाण्याची वाट तिथे आखलेली आहे. आपल्याकडे बचत गट गल्लोगल्ली झाले. पण त्यांचे बोलणे हप्त्यापाशी सुरू होते आणि हप्त्यापाशीच संपते. त्याच बायका, त्याच ओसरीवर, तासभर जास्त बसल्या तर गावचा कारभारही त्यांच्या बोलण्यात येईल.

मात्र एका धोक्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. आपल्या गावात मोहल्ला म्हणजे बहुतेक ठिकाणी जात. पाटलांची आळी वेगळी, बौद्धवाडा वेगळा, गोवारी-ढिवरांची टोली वेगळी. नुसते मोहल्ले बसवले आणि प्रत्येक मोहल्ला आपल्या जातीची पंचायत होऊन बसला, तर आपण गाव जोडायला निघालो आणि तोडून आलो असे होईल. म्हणून मोहल्ल्याची हद्द विहीर, रस्ता, नाली, पांधण यांवरून ठरवावी. एकाच टाकीचे पाणी पिणारे, एकाच पांधणीने वावरात जाणारे एकत्र बसावेत, मग घरे कोणाचीही असोत. वस्ती एकाच समाजाची असेल तर तिने आपले बोलणे आधी मोकळेपणाने करावे, आणि मग लगतच्या मोहल्ल्याबरोबर महिन्यातून एकदा तरी एकत्र बसावे. तंटा, लग्न, वाळीत टाकणे असले विषय या बैठकीत कदापि येऊ नयेत.

दुसरा प्रश्न आपल्यालाच जास्त टोचणारा आहे. मजुरांची टोली मनमोकळी बोलू लागली तर ती मजुरीवरही बोलेल. पाच एकरवाल्या कास्तकाराला, ज्याला स्वतःच्या मालाचा भाव मिळत नाही, ते ऐकणे जड जाईल. आम्ही म्हणतो, ऐकावे. घामाचा दाम मागणाऱ्याने दुसऱ्याच्या घामाचा हिशेब ऐकायला घाबरू नये. दोघांची ओढाताण वावरात होतेच. ती तोंडासमोर बोलून झाली तर निदान कोण कोणाला लुटतो आणि दोघांनाही बाहेरून कोण लुटतो, हे स्पष्ट होईल. मजुरांना वगळून केलेली शेतकऱ्यांची एकी पहिल्याच निवडणुकीत फुटते, हे आपण पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे.

करायचे काय, ते थोडक्यात सांगतो.

महिन्याचा एक दिवस कायमचा ठरवावा. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेची रीत गावोगाव आहे. ठरल्या वेळी, जमिनीवर, सगळ्यांनी एकत्र बसण्याची सवय आपल्या लोकांना शिकवावी लागत नाही. खुर्ची नको, हार नको, अध्यक्ष नको. घरटी एक बाई आणि एक पुरुष यावा. एकाने विषय वाचावेत, एकाने वही लिहावी, आणि ही कामे दर खेपेला पाळीपाळीने फिरावीत. नवी समिती करू नये. गावात समित्यांचा दुष्काळ नाही.

मोहल्ल्याच्या ठरावाला कायद्याची किंमत नाही, हे ध्यानात ठेवावे. म्हणून ग्रामसभेची नोटीस लागली की मोहल्ल्याचे दोन-तीन विषय सह्यांनिशी लेखी द्यावेत आणि पोच घ्यावी. ग्रामसेवकाला, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांना, तोंडी सांगून येऊ नये. आपला विषय इतिवृत्तात आला की नाही हे पुढच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवावे.

पैशाचा विषय तर सोडूच नये. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना जो निधी दिला, त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा होता. तुमच्या गावात तो ४० टक्के कोणत्या गरजेवर गेला? कोणत्या मोहल्ल्यात किती गेला? विकास आराखड्याची प्रत मागा आणि मोहल्ल्यात वाचा. आराखड्यात काम दाखवले आहे आणि गल्लीत ते नाही, असे निघाले, तर त्या एका कागदानेच बैठकीला माणसे दुप्पट येतील.

ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा आपल्याला पाठ आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. त्यांतल्या पुढच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक तालुक्यात निदान पाच गावांत मोहल्ल्याच्या बैठका व्हाव्यात, असे आम्ही सुचवतो. साऱ्या गावात एकदम करायला जाऊ नका. जिथे दोन मोहल्ले तयार आहेत तिथे दोनच करा. आज बैठकीला आलेल्या तालुका कार्यकर्त्यांनी उठण्याआधी गावांची आणि मोहल्ल्यांची नावे लिहून द्यावीत. पुढच्या जिल्हा बैठकीत भाषणांच्या आधी त्या वह्या वाचल्या जातील.