मनाली ते लेह : पहिला मुक्काम

मनाली ते लेह अंतर सुमारे 430 किलोमीटर. व्यापारी मन लगेच हिशोब मांडते : एक मुक्काम पुरे! परंतु हा मार्ग किलोमीटरांपेक्षा उंचीने मोजावा. 2020 साली अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगचा घाट टळला आणि पहिल्याच दिवशी सरचू गाठण्याचा मोह वाढला. सरचू 4,200 मीटरांहून उंच. मैदानी प्रदेशातून आलेल्यांना तेथील रात्र जड जाते. म्हणून भागा नदीकाठच्या जिस्पात, सुमारे 3,200 मीटरांवर, शक्य तर दोन रात्री राहावे. चौविहार पाळणाऱ्यांनाही तेथे सूर्यास्तापूर्वी सहज पोहोचता येते. वाटेत टांडीला टाकी भरून घ्यावी. (खाखऱ्यांचे डबे काय, आपण भरतोच!) पुढे पहाटेच निघावे, दुपारी बर्फ वितळून नाले फुगतात. बारालाचा आणि 5,300 मीटरांचा तांगलांग ला ओलांडून सायंकाळी लेह येते. हृदयविकार वा दमा असलेल्या वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना निघू नये. वाटेत कोणाला डोकेदुखीसह उलट्या किंवा बसल्या जागी धाप लागली, तर विलंब न करता खाली उतरावे. पुढचे आरक्षण बुडाले तर बुडू द्यावे.