'माथेरान' नावाची व्युत्पत्ती

रा. रा. संपादक महाशय यांस,


आपल्या गतांकातील पत्रात एका विद्वान वाचकांनी माथेरान हे नाव 'मातेचे रान' यापासून सिद्ध झाले असे प्रतिपादिले आहे. त्यांच्या भक्तिभावाविषयी पूर्ण आदर राखूनही ही व्युत्पत्ती मला ग्राह्य वाटत नाही. 'माता' आणि 'रान' यांच्या संयोगाने 'मातेरान' झाले असते. त्यातील 'त' महाप्राण होऊन 'थ' का व्हावा, याचा उलगडा पत्रलेखकांनी केलेला नाही. उलट संस्कृत 'मस्तक' शब्दातील 'स्त' प्राकृतात 'त्थ' होऊन मराठीत 'माथा' झाला, ही परंपरा निर्विवाद आहे. आणि ज्या डोंगराचा सपाट माथा आजही घनदाट झाडीने आच्छादिलेला आहे, त्याला पायथ्याच्या रयतेने 'माथ्यावरील रान' म्हणावे, यापरते स्वाभाविक ते काय? रोमन लिपीत त आणि थ यांचा भेद अनेकदा लोपतो, म्हणून इंग्रजी नकाशे या वादात पुरावा म्हणून दाखल करता येत नाहीत.

ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० साली माथेरानला चढून आले आणि १९०७ साली नेरळहून आगगाडी सुरू झाली. मॅलेट यांच्या आगमनानंतर कड्याकड्याला 'पॅनोरामा', 'वन ट्री हिल' अशी परकी नावे चिकटली. म्हणून माझी कळकळीची विनंती अशी की, ठाकूर आणि कातकरी वृद्धांच्या मुखी उरलेली पाणवठ्यांची, वाटांची व कड्यांची मूळ नावे अभ्यासकांनी विनाविलंब लेखनिविष्ट करावीत.

आपला,
एक वाचक