शब्दांचा चढ-उतार



नवा शब्द आला की तुम्ही वहीत त्याच्यापुढे अर्थ लिहिता. 'तरक्की म्हणजे प्रगती' असे दहा वेळा घोकता. परीक्षेत गुणही मिळतात. पण माझ्या मते एवढ्याने शब्द आपला होत नाही. तो ज्या जमिनीवर जन्मला, ती जमीन डोळ्यांपुढे आली तरच तो मनात राहतो.

अरबी भाषेचेच उदाहरण घ्या. अरबस्तान म्हणजे नुसती सपाट वाळू, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. तांबड्या समुद्राच्या कडेने तेथे लांबच लांब डोंगररांग आहे. येमेनमधील एक शिखर तर साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. अशा मुलखात पायी किंवा उंटावरून जाणाऱ्याला चढ कोठे, उतार कोठे, हे नेमके सांगता यावे लागे. म्हणून डोंगर तो 'जबल', टेकडी ती 'तल्ल', डोंगराची पायथ्याकडे उतरणारी बाजू 'सफ्ह' आणि खाली नेणारा उतार 'मुन्हदर'. डोंगरातली दमवणारी अवघड वाट म्हणजे 'अकबा'. जॉर्डनमधील एका बंदराचे नावही अकबाच आहे.

सूरह अल-बलदमध्ये गुलामाला मुक्त करणे आणि भुकेल्याला जेवू घालणे यांना अकबा म्हटले आहे. चांगले काम चढणीसारखा दम काढते, हे ज्याने चढण चढली आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

याउलट सपाट मैदान ते 'सह्ल'. सह्ल म्हणजे सोपेही! सपाटीवर चालणे सोपे, म्हणून. त्याच घराण्यातला शब्द 'सहूलत'; मराठीत तो 'सवलत' झाला. एस.टी.च्या पासावर तुम्हांला सवलत मिळते, तेव्हा तुम्ही अरबी मैदानाचीच आठवण काढत असता.

आता 'तरक्की'कडे या. तिचे मूळ वर चढण्यात आहे. मराठीतील 'प्रगती' पुढे जाते, तर 'उन्नती' वर जाते. 'तरक्की म्हणजे प्रगती' हे चुकीचे नाही. पण तरक्कीची खरी मैत्रीण उन्नती आहे. नुसते घोकून हे कधी कळले असते का?

शब्द प्रदेश बदलतो तसा अर्थही बदलतो. अरबस्तानातील 'वादी' बहुधा वर्षभर कोरडी असते आणि पाऊस पडला की एकाएकी लोंढ्याने वाहते. उर्दूत वादी म्हटले की काश्मीरची हिरवी दरी आठवते. मराठीतील 'वाडी' मात्र निराळीच. ती म्हणजे छोटी वस्ती किंवा बाग. कानाला जवळचे वाटणारे शब्द अर्थाने दूर असू शकतात.

तुम्ही म्हणाल, एवढा विचार करायला वेळ कोठे आहे? पण घोकलेला शब्द परीक्षेनंतर विसरतो आणि पुन्हा घोकावा लागतो. वेळ नक्की कशात वाया जातो, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून 'घाट', 'खिंड', 'पायथा', 'माथा' हे मराठी शब्द केवळ वहीत उतरवून थांबू नका. एखादी टेकडी चढा. पाय दुखले की 'चढण' कळेल आणि वारा लागला की 'माथा' कळेल. मग मराठी तुम्हांला परकी वाटणार नाही.