बाहुल्यांचे वय

१० नोव्हेंबर १९६९ या दिवशी अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर ‘सेसमी स्ट्रीट’ हा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर बरोबर ५६ वर्षांनी, १० नोव्हेंबर २०२५ रोजी, त्याच कार्यक्रमाचा नवा हंगाम नेटफ्लिक्सवर अवतरला. मधल्या काळात दूरदर्शन संचाचे लाकडी कपाट गेले, छपरावरची अँटेना गेली, आणि संच चपटा होऊन भिंतीवर चढला. परंतु बिस्किटांचा फन्ना उडविणारा तो निळा केसाळ राक्षस आणि पिवळा धमक उंच पक्षी ही मंडळी अद्याप आपापल्या जागी आहेत. ज्यांनी बालपणी हा कार्यक्रम पाहिला, त्यांची नातवंडे आज तो पाहू शकतात.

हे वृत्त वाचून आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला, आणि तो आमच्या पुष्कळ वाचकांनाही पडत असावा. ज्या मुलाच्या हाती चालायला लागण्यापूर्वीच मोबाइल येतो, त्याला फोमच्या आणि कापडाच्या जुन्या बाहुल्या खरोखरच आवडतात काय? की आपल्याला आवडत होत्या म्हणून त्या त्यालाही आवडल्या पाहिजेत, असा आपला वडीलधारा हट्ट आहे? महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या मराठी घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपल्या बाहुल्या मराठी बोलतात; नातवंडे मात्र शाळेत एक भाषा, अंगणात दुसरी आणि पडद्यावर तिसरीच ऐकतात.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘जुनी’ हे विशेषण आपले आहे, मुलाचे नव्हे. तीन वर्षांच्या मुलाला साठ वर्षांची बाहुली आणि काल शिवलेली बाहुली यांत काहीच अंतर दिसत नाही. त्याच्या दृष्टीने दोघी आजच जन्माला आलेल्या असतात. तेव्हा बाहुलीच्या वयाचा विचार बाजूला ठेवून ती मुलाची नजर धरून ठेवते की नाही एवढेच पाहावे.

‘सेसमी स्ट्रीट’च्या निर्मात्यांनी ते अगदी पद्धतशीर पाहिले होते. मुलाला दूरदर्शन संचासमोर बसवावयाचे, आणि शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर सात-आठ सेकंदांनी बदलणारी चित्रे दाखवावयाची. मुलाची मान कोणत्या क्षणी कार्यक्रमावरून चित्रांकडे वळते याची नोंद ठेवली जाई. १९६९च्या उन्हाळ्यात पहिले नमुना-भाग अशा रीतीने तपासले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. खऱ्या आणि काल्पनिक जगाची सरमिसळ मुलांच्या मनात गोंधळ उडवील, असा मानसशास्त्रज्ञांचा सल्ला होता. त्यामुळे रस्त्यावरच्या प्रसंगांत केवळ माणसे होती आणि बाहुल्या वेगळ्या तुकड्यांत होत्या. बाहुल्या असेपर्यंत मुले खिळून राहत, आणि माणसे बोलू लागली की माना वळत. निर्मात्यांनी पंडितांचा सल्ला गुंडाळून ठेवला व बाहुल्यांना माणसांच्या रस्त्यावर आणून बसविले. बिग बर्ड हा पक्षी आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा तिरसट ऑस्कर यांचा जन्म या तपासणीतून झाला. आठ फुटांहून उंच असा तो पक्षी म्हणजे आत उभा असलेला माणूस. कॅरोल स्पिनी यांनी उजवा हात डोक्यावर उंच धरून त्याची चोच हलविली, आणि छातीशी बांधलेल्या छोट्या पडद्यावर स्वतःला पाहत ते काम जवळजवळ अर्धशतक, २०१८पर्यंत केले. एवढ्या शारीरिक कष्टांतून तो पक्षी सहज चालतो, हे मुलांना कधी कळले नाही आणि कळण्याचे कारणही नव्हते.

मात्र याच कार्यक्रमाचा पुढचा इतिहास पाहिला, तर जुन्या मंडळींना आपली जागा आपोआप राखता आली असे म्हणता येत नाही. एल्मो हा लाल, साडेतीन वर्षांचा प्राणी प्रारंभी मागच्या गर्दीतला एक होता. १९८०च्या दशकात केविन क्लॅश यांच्या हाती तो आला आणि मुलांनी त्याला पुढे ओढले. प्रेक्षक वयाने आणखी लहान होत आहेत, दोन-तीन वर्षांची मुलेही संचासमोर बसत आहेत, हे पाहून १९९८ साली कार्यक्रमाच्या शेवटी केवळ एल्मोचा असा भाग सुरू झाला. हा पाहुणा यजमान होऊन बसल्याची तक्रार जुन्या चाहत्यांनी पुष्कळ केली. आमच्या मते ती तक्रार मोठ्यांची होती. एल्मो स्वतःला ‘मी’ न म्हणता ‘एल्मो’ म्हणतो. आपल्या घरातले तान्हुलेही ‘मला हवे’ म्हणण्यापूर्वी ‘बाळाला हवे’ असेच म्हणते. ज्याने आपल्यासारखे बोलावे तो आपला, हा मुलांचा सरळ न्याय आहे.

या बाहुल्यांचा जनक जिम हेन्सन (१९३६–१९९०). त्याने पहिला केरमिट १९५५ साली आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून शिवला आणि पिंगपाँगच्या चेंडूच्या अर्ध्या वाट्यांचे डोळे लावले. कॅमेरा जवळ येतो, तेव्हा लाकडी चेहऱ्याचा ताठरपणा लपत नाही, हे त्याने अचूक हेरले. मऊ कापडाच्या आत पाच बोटे असली की ओठ मुडपता येतात, भुवई नसतानाही कपाळाला आठी घालता येते. त्याचा सहकारी डॉन सालीन बाहुलीच्या बुबुळांची जागा फार काळजीने ठरवी. ती किंचित आत, नाकाकडे वळविली की बाहुली आपल्याकडे रोखून पाहते असा भास होतो. चांगली बाहुली मुलाकडे पाहते. संगणकावर रंगविलेले पुष्कळसे चेहरे मात्र मुलाच्या डोक्यावरून पलीकडे पाहत असतात, असे आम्हाला नेहमी वाटते.

मग जुन्या पात्रांचे पुनरागमन फसते कोठे? हेन्सनचाच ‘मपेट शो’ १९७६ ते १९८१ या काळात १२० भाग चालला. अमेरिकन कंपन्यांनी नाकारलेला हा कार्यक्रम लंडनजवळ तयार झाला आणि जगभर गाजला. २०१५ साली हीच पात्रे एबीसी वाहिनीवर परत आली, ती कचेरीतील कुरबुरी आणि केरमिट व मिस पिगी यांचा काडीमोड घेऊन. ज्यांनी लहानपणी त्यांच्यावर प्रेम केले त्या आता मोठ्या झालेल्या माणसांसाठी ती मालिका होती. १६ भागांत ती आटोपली. मुलांनी ती नाकारली असे म्हणणेही अन्यायाचे होईल. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

याउलट एक उदाहरण आमच्या मताविरुद्ध जाते, तेही सांगितले पाहिजे. ‘थंडरबर्ड्स’ ही १९६५ची इंग्रजी मालिका दोऱ्यांवरच्या बाहुल्यांची. २०१५ साली ती नव्याने आली तेव्हा बाहुल्या काढून संगणकाची पात्रे घातली, आणि ती २०२०पर्यंत चालली. याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. मूळ मालिकेतल्या बाहुल्यांना धड चालता येत नसे. मुलांचे डोळे रॉकेटांवर आणि विमानांवर असत, आणि ती यंत्रे नव्या मालिकेतही होतीच.

इंग्लंडातच सूटी नावाचे पिवळे अस्वल आहे. १९४८ साली ब्लॅकपूल येथे हॅरी कॉर्बेट या गृहस्थांनी आपल्या मुलासाठी ते विकत घेतले. काळ्यापांढऱ्या पडद्यावर उठून दिसावे म्हणून त्याच्या कानांना काजळी फासली, आणि त्या काजळीवरूनच त्याचे नाव पडले. हातमोज्याएवढे हे अस्वल १९५२पासून दूरचित्रवाणीवर वावरले. वडिलांनंतर १९७६मध्ये मुलाने ते हाती घेतले, आणि पुढे ते तिसऱ्याच्या हाती गेले. सूटी बोलत नाही. तो धन्याच्या कानात कुजबुजतो आणि धनी ते आपल्याला सांगतो. त्यामुळे त्याच्या विनोदाला भाषेची अडचण पडत नाही आणि तो जुनाही होत नाही.

आमच्या अर्धवटरावांचे नेमके उलट आहे. त्यांचे सारे वैभव जिभेवर. यशवंत पाध्ये यांनी घडविलेले हे खवचट गृहस्थ, १९६७ साली रंगमंचावर प्रथम उभे राहिलेले त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये, आणि आता नातू सत्यजित, अशा तीन पिढ्यांच्या मांडीवर बसले. सोबत आवडाबाई आहेतच. बोलक्या बाहुल्यांचा हा खेळ मराठीत किती अवघड आहे, याची कल्पना प्रेक्षकांना क्वचितच असते. प, फ, ब, भ, म ही अक्षरे ओठ मिटल्यावाचून निघत नाहीत. आणि आपली भाषा तर आई सोडली की बाबा, मामा, पापड आणि भाऊबीज यांनीच भरलेली! शब्दभ्रमकार या अक्षरांच्या जागी जिभेने दातांमागे जवळचा आवाज काढतो, आणि प्रेक्षकाची नजर बाहुलीच्या जबड्यावर असल्याने कान तो ‘ब’ म्हणूनच ऐकतात. नाट्यगृहात हे सहज साधते. पडद्यावर कॅमेरा ओठांपाशी जाऊन ठेपतो, तरीही पाध्ये मंडळी डगमगली नाहीत.

हा खेळ आजच्या मुलाला दाखविला तर तो हसतो काय? आमचे उत्तर असे की, अर्धवटराव मान गर्रकन फिरवितात, डोळे वटारतात, धन्याचा पाणउतारा करतात, तेथे तो हमखास हसतो. वडीलधाऱ्याला भर सभेत उलट उत्तर देणारा कोणीतरी असावा, ही मुलांची सनातन इच्छा आहे. परंतु नवराबायकोच्या कुरबुरींवरच्या कोट्या त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्या मुळात त्याच्यासाठी नव्हत्याच. शिवाय कोटीला भाषा अंगवळणी पडलेली लागते. ज्या घरात मराठी केवळ ‘जेवायला ये’ आणि ‘पुरे आता’ एवढ्यापुरती उरली, तेथे अर्धवटरावांचा अर्धा विनोद वाया जाणार. तो दोष त्यांच्या वयाच्या माथी मारू नये.

तात्या विंचूने ही अडचण भीतीच्या जोरावर ओलांडली. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३चा. त्यातला बाहुला रामदास पाध्ये यांनीच घडविला, आणि तात्याला आवाज दिलीप प्रभावळकरांचा मिळाला. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा नायक स्वतः बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा असावा, ही योजना फार चतुर. २०१३ साली दुसरा भाग त्रिमिती रूपात निघाला. चित्रपट निघाला तेव्हा जन्मलीही नव्हती अशी मुले आज तात्याची नक्कल करतात, आणि रात्री दिवा मालवू देत नाहीत.

लहानांसाठी भारतात २००६ साली ‘गली गली सिम सिम’ आले. त्यातली शाळेच्या गणवेषातली चमकी आणि बूंबा हा सिंह ही चांगलीच पात्रे होती. ती बोलली हिंदीत. मराठी वाहिन्यांवर सासवासुनांच्या मानाने मुलांच्या बाहुल्यांना जागा अगदी थोडी, आणि आपल्या भाषेत रोज भेटणारी, साडेतीन वर्षांची, चुका करीत बोलणारी बाहुली नसणे ही उणीव मोठी आहे. मुंबई-पुण्याच्या मुलाला रस्ताही मराठी शिकवितो. आपल्या मुलाला घराबाहेर शिकविणारे कोणी नाही.

पडद्याने हात आखडता घेतला, तरी बाहुली संपत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजाची मंडळी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी हे तिन्ही खेळ आजही करतात. सावंतवाडीच्या राजांचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच या कलेचे संग्रहालय उभे केले, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दिव्यापुढे धरलेला चामड्याचा हनुमान पडद्याजवळ नेला की रेखीव होतो, आणि मागे दिव्याकडे ओढला की एकाएकी वाढत जातो. सुटीत कोकणात किंवा गोव्याकडे जाणाऱ्या वाचकांनी मुलांना तेथे अवश्य न्यावे, खेळ संपल्यावर पडद्याच्या मागच्या बाजूस जाऊ द्यावे, आणि त्यांनी तेथे काय काय विचारले ते आम्हाला कळवावे.